टँकर दारात का येतो? नव्या घरांमागच्या पाइपांचा, रस्त्यांचा आणि पैशांचा हिशेब

टँकर गेटवर आला की आमचा वॉचमन सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाडीच्या नंबराचा फोटो टाकतो. मग सेक्रेटरी काका खाली उतरतात आणि वहीत नोंद करतात: किती वाजता आला, किती लिटर, झाकण उघडून पाहिलं का. ही वही चार वर्षांपूर्वी ‘तात्पुरती’ म्हणून सुरू झाली. सध्या तिसरी वही चालू आहे. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे, तीन लिफ्ट आहेत, क्लबहाउस आहे, पोहण्याचा तलावसुद्धा आहे. तो अर्थातच कोरडा.

ही एकट्या आमच्या सोसायटीची रड नाही. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. त्यानंतर ‘समाविष्ट गावं’ आणि ‘टँकर’ हे दोन शब्द दर उन्हाळ्यात बातम्यांमध्ये जोडीनेच दिसतात. 2025 च्या जानेवारीत गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण पुण्याच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत मोठ्या संख्येने सापडले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली, तेव्हा ‘इथे पाणी येतं तरी कुठून?’ हा प्रश्न पहिल्यांदा सगळ्यांनी मोठ्याने विचारला. ठाण्याचा घोडबंदर रोड असो की वसई-विरार, प्रश्न तोच आहे. घर बांधायची परवानगी मिळते, मग त्या घराला लागणारं पाणी, ड्रेनेज, रस्ता यांचं नियोजन कोण करतं आणि पैसे कोण भरतं?

घर वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

आधी साधं गणित करू. समजा, शहराच्या कडेला 800 फ्लॅटचा एक प्रकल्प उभा राहिला. घरटी चार माणसं धरली तर 3,200 लोक झाले. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे रोज 4 लाख 32 हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं म्हटलं तर 43 टँकर, म्हणजे दिवसरात्र दर 33 मिनिटांनी एक. यातलं साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन परत बाहेर पडतं. ते रोज साडेतीन लाख लिटर कुठेतरी जायलाच हवं. नळ कोरडा राहिला तर लगेच ओरड होते. सांडपाणी मात्र गुपचूप ओढ्यात जातं आणि दोन-तीन पावसाळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

शिवाय या घरांतली मुलं शाळेत जाणार, सकाळी नऊ वाजता तीन-चारशे गाड्या एकाच फाट्यावर येणार, कचरा रोज निघणार. हे सगळं म्हणजे ‘पायाभूत सुविधा’. शब्द जड आहे, पण अर्थ सरळ आहे: घराच्या उंबऱ्याबाहेरचं ते सगळं, ज्याच्याशिवाय घर नुसतं खोकं उरतं.

या सुविधांचे तीन थर असतात आणि सगळा घोळ हे तीन थर वेगवेगळ्या हातांत असल्यामुळे होतो. पहिला थर इमारतीच्या आवारातला: टाकी, आतले रस्ते, सांडपाणी शुद्ध करणारा छोटा प्लांट. हा बिल्डर करतो. दुसरा थर दारापर्यंतचा: समोरचा रस्ता, त्याखालची जलवाहिनी, ड्रेनेज लाइन. हा महापालिकेने किंवा प्राधिकरणाने करायचा. तिसरा थर लांबचा: धरणातला कोटा, जलशुद्धीकरण केंद्र, मैलापाणी केंद्र, नदीवरचा पूल. यात राज्य सरकार, जलसंपदा खातं, कधी केंद्राची योजना, असे बरेच जण येतात.

इमारत तीन-चार वर्षांत उभी राहते. तिसऱ्या थराला किती लागतात? पुण्याच्या पूर्व भागासाठीची भामा आसखेड योजना जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या योजनेच्या काळातली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न लोंबकळत राहिला, आंदोलनं झाली, कामं थांबली. पाणी प्रत्यक्षात आलं ते 2021 च्या जानेवारीत. तोवर त्या भागात जन्मलेली पोरं शाळेत जायला लागली होती.

आराखड्यात सगळं असतं

नियोजनच नाही, असं लोक चिडून म्हणतात. ते खरं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. त्यानुसार प्रत्येक शहराला विकास आराखडा, म्हणजे डीपी, करावा लागतो. हा नकाशा साधारण वीस वर्षांचा विचार करून आखतात. त्यात घरं कुठे, कारखाने कुठे हे ठरतं आणि शाळा, बाग, दवाखाना, पाण्याची टाकी यांच्यासाठी जागा राखून ठेवतात. यालाच आरक्षण म्हणतात.

अडचण अशी की आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. दुसऱ्याच्या शेतावर पेन्सिलने ‘इथे शाळा’ असं लिहिलं, एवढाच त्याचा अर्थ. ती जागा ताब्यात घ्यायला पैसा लागतो, आणि कायद्याच्या कलम 127 मध्ये मुदतही आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांतही संपादनाच्या हालचाली झाल्या नाहीत तर आरक्षण रद्द होतं. शहरांमधली कितीतरी मैदानं अशी कागदावरच जन्मली आणि कागदावरच गेली. यात दरवेळी कुणाचा तरी कट असतो असं नाही. बऱ्याचदा तिजोरीत खडखडाट असतो, एवढंच.

आमच्या सोसायटीसमोरचा डीपी रोड याचा चांगला नमुना आहे. नकाशावर तो 24 मीटर रुंद आहे आणि थेट हायवेला मिळतो. प्रत्यक्षात तो आमच्या गेटपासून दोनशे पावलं जातो आणि कांद्याच्या वाफ्यापाशी पत्र्याच्या कुंपणाला टेकून थांबतो. कुंपणाच्या पलीकडे काही अंतरावर दुसऱ्या बाजूने आलेला रस्ता असाच थांबलेला दिसतो. मुख्य जलवाहिनी त्या बाजूपर्यंत आली आहे. मधली जमीन मिळत नाही म्हणून रस्ता नाही, आणि रस्ता नाही म्हणून पाइप नाही. पाण्याचा प्रश्न हा पुष्कळदा मुळात जमिनीचा प्रश्न असतो, हे मला त्या कुंपणापाशी उभं राहिल्यावर कळलं.

‘जरा सरकून घ्या’

रस्त्यासाठी जमीन मिळवायचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. बाकावर तिघं बसलेत आणि चौथ्याला जागा हवी आहे.

पहिला मार्ग भूसंपादनाचा. एकाला सांगायचं, ‘तुम्ही उठा, भरपाई घ्या.’ 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात ही भरपाई साधारण बाजारभावाच्या दुप्पट होते. ज्याची जमीन जाते त्याच्या दृष्टीने हे रास्तच आहे. पण शहराच्या कडेला जमिनीचे भाव इतके चढलेले असतात की एका रस्त्याच्या जमिनीत महापालिकेचं अख्ख्या वर्षाचं रस्ते-बजेट संपावं. शिवाय उठणाऱ्याचं मन खट्टू होतं ते वेगळंच, कारण शेजारच्यांच्या जमिनीला त्याच रस्त्यामुळे सोन्याचा भाव येतो.

दुसरा मार्ग टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काचा. मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने तो रुजवला. उठणाऱ्याला रोख रक्कम न देता एक चिठ्ठी द्यायची: ‘तुझी जमीन रस्त्याला गेली, तिच्या बदल्यात इतकं बांधकाम तू दुसरीकडे करू शकतोस, किंवा ही चिठ्ठी बिल्डरला विकू शकतोस.’ महापालिकेचा खिसा हलका होत नाही, म्हणून सगळ्यांना ही युक्ती आवडली. पण चिठ्ठी वटते ती दुसऱ्याच डब्यात. तिथल्या पाइपा जितक्या मजल्यांसाठी टाकल्या होत्या, त्यांवर आणखी मजले चढतात. पुढे टीडीआरचा वापर रस्त्याच्या रुंदीशी बांधला गेला, हे बरं झालं. पण रस्त्याखालच्या पाइपेची रुंदी कुणी मोजत नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: नगररचना योजना, बोलीभाषेत टीपी स्कीम. इथे कुणालाच उठवत नाहीत. सगळ्यांना म्हणतात, ‘जरा सरकून घ्या.’ पंचवीस-पन्नास शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागलेल्या प्लॉटच्या रूपात ज्याची त्याला परत द्यायची. प्लॉट आधीपेक्षा लहान होतो, पण त्याची किंमत वाढते. या वाढलेल्या किमतीतला जास्तीत जास्त निम्मा हिस्सा सुविधांच्या खर्चासाठी मागता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. म्हणजे जमीनही मिळते आणि पैशाची सोयही होते.

ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. मुंबई नगररचना कायदा 1915 चा. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले इथले जुने रहिवासी अजूनही पत्त्यात ‘टीपीएस’ लिहितात, ते याच योजनांचं नाव. त्याआधी, 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला रस्ते आणि प्लॉट आखले आणि मग त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. आधी गटार, मग घर, हा क्रम आपल्याला शंभर वर्षांपूर्वी येत होता. गुजरातने टीपी स्कीम सोडली नाही. अहमदाबाद तर त्यावरच वाढलं, आणि 2001 च्या भूकंपानंतर भुजचं जुनं शहर पुन्हा आखलं तेही याच पद्धतीने. महाराष्ट्रात मधल्या काळात ती जवळपास विस्मरणात गेली होती. आता नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडको हे शहरं वसवणारं सरकारी महामंडळ आणि पुण्याजवळ म्हाळुंगे-माण इथे पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, तिच्याकडे वळले आहेत.

ही योजना रामबाण आहे असं मात्र नाही. सातबाऱ्यावर बारा नावं, भावकीत वाद, कुणाचा तरी दावा कोर्टात. शिवाय नैनामध्ये मूळ जमिनीच्या 40 टक्केच प्लॉट परत मिळणार म्हटल्यावर शेतकऱ्यांनी ‘सरकायचं म्हणजे किती सरकायचं?’ असं विचारलंच, आणि तो प्रश्न गैर नाही.

बिल्डर महापालिकेला काय काय भरतो?

आता पैशाकडे येऊ. बांधकामाची फाइल पास होताना तीन-चार प्रकारची रक्कम जमा होते. एक विकास शुल्क. 1992 पासून ते नगररचना कायद्यातच आहे आणि सरकारी रेडीरेकनरमधल्या जमिनीच्या दराशी जोडलेलं असतं. दुसरं प्रीमियम. मूळ एफएसआयपेक्षा जास्त बांधकाम हवं असेल तर त्याची किंमत. (एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा.) याशिवाय जिन्याचं, मोकळ्या अंतरात सवलतीचं, असली किरकोळ प्रीमियमं असतात. तिसरं, रक्कम नव्हे तर जागा: 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते.

तुम्ही-आम्हीही वेगळं भरतो. पुण्यात फ्लॅटची नोंदणी करताना 5 टक्के मुद्रांक शुल्क, त्यावर स्थानिक संस्थेसाठी 1 टक्का आणि मेट्रोसाठी 1 टक्का. ‘माझ्या पैशातून मेट्रो’ असं म्हणणाऱ्या फ्लॅटधारकाचं म्हणणं अक्षरशः बरोबर असतं.

मग पाइप का येत नाही?

इथे खरी मेख आहे. 1 ऑगस्ट 2015 ला बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटीतून, म्हणजे जकातीच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था करातून, सुटका झाली आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी येताच मुंबईची जकातही गेली. त्याआधी शहरात व्यापार वाढला की महापालिकेचं उत्पन्न आपोआप वाढायचं. आता राज्याकडून ठरलेली भरपाई येते, दरवर्षी 8 टक्के वाढीसह. ती नियमित येते, पण तिचा नळ महापालिकेच्या हातात नाही. मालमत्ता कर वाढवायचा तर नगरसेवकांच्या अंगावर काटा येतो. मुंबईत तर 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून तो माफच आहे. हाताशी उरलेला मोठा नळ एकच: बांधकाम परवानगी.

त्यामुळे नव्या इमारतींच्या परवानगीतून आलेला पैसा जुन्या शहराच्या रोजच्या खर्चाला लागतो. पगार, विजेची बिलं, खड्डे. कायद्याने विकास शुल्क वेगळ्या निधीत ठेवून सुविधांवरच खर्च करायला सांगितलं आहे. प्रीमियमचा मोठा ओघ मात्र तिजोरीत आला की कुठला पैसा कुठे गेला हे शोधणं म्हणजे भेळेतला कुरमुरा मोजणं. शेतकऱ्याच्या भाषेत याला बियाणं दळायला नेणं म्हणतात. या वर्षी पोट भरतं, पेरणीला काही उरत नाही. मग पुढच्या वर्षीचं पोट भरायला आणखी परवानग्या लागतात, त्या घरांना आणखी पाइपा लागतात, आणि चक्र फिरत राहतं.

राज्य सरकारचा एक निर्णय हा नळ किती हलवू शकतो, हे 2021 मध्ये दिसलं. कोविडनंतर बांधकाम क्षेत्राला हात द्यायला त्या वर्षाच्या अखेरपर्यंत प्रीमियममध्ये 50 टक्के सवलत दिली. मुदत संपण्याआधी फायलींची रांग लागली. पुढच्या कित्येक वर्षांत यायचं बांधकाम एका वर्षात मंजूर झालं, तेही अर्ध्या दराने. त्या इमारतींचे रहिवासी माणशी पाणी मात्र अर्धं पिणार नाहीत.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. परवानगीचा पैसा एकदाच येतो, सुविधेचा खर्च कायम चालतो. पंपाचं वीजबिल, गळती, दहा वर्षांनी बदलायची यंत्रं. हे सगळं मालमत्ता कर आणि पाणीपट्टीतूनच निघायला हवं. हत्ती आणायचे पैसे बिल्डरने दिले तरी चारा रोज आपल्यालाच घालायचा आहे.

‘बिल्डरकडून सगळं वसूल करा ना!’

ही मागणी ऐकायला छान वाटते. पण बिल्डर भरतो म्हणजे शेवटी कुणाच्या खिशातून जातं, हे शुल्क कधी जाहीर झालं यावर अवलंबून असतं. जमीन घेण्याआधीच ‘या भागात प्रति चौरस मीटर इतकं भरावं लागेल’ हे पक्कं माहीत असेल, तर बिल्डर जमीनमालकाला तेवढी कमी किंमत देतो. म्हणजे ओझं जमिनीच्या फुगलेल्या भावावर पडतं, आणि ते पडायला हवं तिथेच पडतं, कारण तो भाव रस्ता-पाण्याच्या आशेनेच फुगलेला असतो. जमिनीचा सौदा झाल्यावर अचानक नवं शुल्क लागलं, तर ते शक्य तितकं ग्राहकाच्या माथी येतं किंवा प्रकल्प अर्धवट लटकतो. आपल्याकडे दर आणि सवलती इतक्या वेळा बदलतात की हे पहिलं, बरं चित्र क्वचितच दिसतं.

आणि दुसरं म्हणजे, पाण्याचं ओझं बिल्डरवर टाकण्याची एक पळवाट आधीच चालू आहे. तिचं नाव हमीपत्र. ‘महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पाणी देऊ’ असं बिल्डर लिहून देतो. सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या साइटवर जातो, हमीपत्र फाइलमध्ये राहतं. टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. आमच्या वार्षिक सभेत वीज आणि सिक्युरिटीपेक्षा टँकरची ओळ मोठी निघाली, तेव्हा एका आजोबांनी विचारलं, ‘म्हणजे धरण आपणच भाड्याने घेतलंय का?’ टँकर ही सुद्धा पायाभूत सुविधाच आहे, फक्त सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेभरवशाची.

‘मग पाणी येईपर्यंत बांधकामंच बंद करा’

हे करून झालंय. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये डम्पिंग ग्राउंडच्या दुरवस्थेवरून मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये ती सहा महिन्यांसाठी सशर्त उठवली. 2017 मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रोड भागात पाणीटंचाईवरूनही न्यायालयाने असाच बडगा उगारला होता. अशा आदेशांनी प्रशासन खडबडून जागं होतं, हे खरं.

पण कायमचा उपाय म्हणून बंदी फसते. शहरात काम शोधायला येणारी माणसं बंदी वाचून येत नाहीत. अधिकृत घरं थांबली की भाडी चढतात आणि गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवर अनधिकृत चाळी उठतात. तिथे विकास शुल्क शून्य, ड्रेनेज शून्य, आणि पुढे गुंठेवारी नियमित करताना खर्च दुप्पट. इमारतीला निदान नकाशा असतो. गल्लीच सहा फुटांची असेल तर पाइप टाकायला जेसीबी जायचा कुठून?

बंदीपेक्षा क्रम लावणं बरं. शहराच्या चारही कडांना एकाच वेळी परवानग्या वाटण्यापेक्षा या पाच वर्षांत हा पट्टा, तिथली मुख्य लाइन आणि मैलापाणी केंद्र आधी, पुढच्या पाच वर्षांत तो पट्टा. याला विरोध होतो, कारण ‘पुढच्या पाच वर्षां’च्या पट्ट्यात कुणाकुणाच्या जमिनी असतात. नकाशावरच्या रंगाइतकी भांडणं दुसऱ्या कशावर होत नाहीत.

कर्ज काढून आधी पाइप टाकता येत नाही का?

येते, आणि टाकायलाही हवी. आपण घर कर्जाने घेतो, कारण ते तीस वर्षं वापरणार असतो. जलवाहिनी पन्नास वर्षं टिकते, तिचा खर्च एका वर्षाच्या बजेटमधून का काढायचा? अहमदाबादने 1998 मध्ये राज्याच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढले. पुणे महापालिकेने 2017 मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी 200 कोटींचे रोखे 7.59 टक्के व्याजाने विकले. महापालिका रोखे काढते म्हणजे गुंतवणूकदारांकडून थेट उसने पैसे घेते. त्यासाठी तिचे हिशेब तपासले जातात, पत ठरते, हा आणखी एक फायदा. पण पैसे आले तरी टाक्यांच्या जागा, खोदाईची परवानगी, ठेकेदार ही जुनी दुखणी राहतातच. पुण्याची ती योजना लांबत गेली ती काही पैसे नव्हते म्हणून नव्हे.

मोठ्या प्रमाणावर ‘आधी सुविधा’ करून दाखवली ती नवी मुंबईने. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने जमीन संपादित केली, रस्ते-पाणी-नाले केले, वाढलेल्या भावाने प्लॉट विकले आणि त्यातून पुढचं काम केलं. मानखुर्दवरून वाशीला 1992 मध्ये लोकल पोहोचली, तेव्हा त्या मार्गाच्या खर्चातला 67 टक्के वाटा सिडकोचा होता, रेल्वेचा 33. तो वसूल करायला तिकिटावर अधिभार लागला. म्हणजे प्रवाशानेही हप्ता भरला.

पण हे कौतुक करताना पहिला हप्ता कुणी भरला तेही सांगायला हवं. ज्यांच्या भातशेत्या आणि मिठागरं तुटपुंज्या दराने गेली, त्या गावांनी. 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन घेऊन शहर वसवायचं आणि मूळ मालकाला वाढलेल्या किमतीत वाटा द्यायचा, हे तत्त्व असं भांडून मिळालं आहे.

फ्लॅट घेताना काय पाहायचं?

बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ‘हायवेपासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं डीपी रोडवरून मोजलेली असतील तर तो रस्ता ताब्यात आहे का, हे महापालिकेच्या विकास योजना विभागात विचारता येतं. नकाशा बहुतेक ठिकाणी ऑनलाइनही असतो. पाण्यासाठी ‘कनेक्शन मंजूर आहे का’ असं विचारलंत तर उत्तर हो येईल. ‘मुख्य लाइन साइटपासून किती मीटरवर आहे आणि मधली जमीन कुणाची’ असं विचारा. महापालिकेचं अंदाजपत्रकही वेबसाइटवर मिळतं. त्यात जमेच्या बाजूला बांधकाम परवानगीचं उत्पन्न पाहा आणि खर्चाच्या बाजूला तुमच्या भागाच्या जलवाहिनीसाठी किती धरलेत ते पाहा.

कांद्याच्या वाफ्याच्या मालकांना मी एकदा गाठलं. रस्त्याला जमीन का देत नाही, असं विचारायलाच गेलो होतो, थोडा तावातावाने. ते पत्र्याला टेकून बसले होते. म्हणाले, ‘देतो ना. टीडीआर घ्या म्हणतात. त्याचा भाव वर-खाली होतो, आणि घ्यायला येतो तो तुमचाच बिल्डर, म्हणेल त्या भावाने. रोख म्हटलं तर बजेट नाही म्हणतात. सगळ्यांची मिळून स्कीम करा, म्हणालो मी. तर पलीकडच्यांचे प्लॅन आधीच पास झालेत, आता सरकणार कोण?’ मग त्यांनी विहिरीकडे हात केला. ‘तुमच्या सोसायटीचा टँकर इथनंच भरतो की.’

त्या संध्याकाळी मी सेक्रेटरी काकांची वही उघडून पाहिली. ‘कुठून भरला’ असा रकानाच तिच्यात नव्हता.